बाजूला काढलेले बटाटे

मांदेलीचा वाटा मीराबाईला लहान वाटत होता आणि गुणवंतीला मोठा. लालबागच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, दोघींच्या मध्ये मासळीची पाटी होती आणि नेहमीचं भांडण रंगात आलं होतं.

"मावशी, आनखी चार टाका की. एवढ्यात एका पोराचं तोंडबी वलं व्हायचं न्हाई."

"चार टाकू? नि मग मी काय रिकामी पाटी नाचवत घरी जाऊ? पोरानं माझ्या दर्यात जालं टाकलंय बाय, नलाखाली नाय."

मीराबाई हसून काही बोलणार, तेवढ्यात नाक्याच्या बाजूने फाटफाट असे आवाज आले. दिवाळी केव्हाच उलटून गेली होती. क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग माणसांचा एक लोंढा चाळीच्या पटांगणात घुसला. कोणाची टोपी गेलेली, कोणाच्या पायात एकच वहाण. "गोळी घातली! गोळी घातली!" असं खालून कोणीतरी ओरडलं आणि साऱ्या मजल्यांवरची दारं धाडधाड लागू लागली. गुणवंतीने पाटी उचलली आणि जिन्याकडे वळली. मीराबाईने तिचा दंड धरला.

"सोर मना! घरी जाऊ दे!"

"कुठं जाताय? मरायला?" म्हणत मीराबाईने तिला पाटीसकट खोलीत ओढलं आणि कडी लावली.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेल्यापासून गिरणगाव पेटलं होतं. गुणवंतीच्या कानांवर ते आलं नव्हतं असं नाही. पण माणसांचा हरताळ माशांना कळत नाही. रात्री जाळ्यात आलेला मासा दुपारपर्यंत विकावाच लागतो, म्हणून ती सकाळी पाटी घेऊन निघाली होती.

ती शिवडीच्या कोळीवाड्यातली. नवरा एका पावसाळ्याच्या तोंडाशी दर्यात गेला तो परतला नाही. तेव्हा धर्मा तिच्या कडेवर होता. त्याला वाढवला, होडीवर उभा केला, त्याचं लग्न लावलं, सारं या पाटीच्या जोरावर. लालबागच्या चाळींचे जिने चढून चढून तिचे गुडघे बोलू लागले होते. इथल्या घराघराचा उंबरा तिला ठाऊक होता. कोणाला बोंबील हवेत, कोण कोलंबीशिवाय तोंड उघडत नाही, सगळं पाठ होतं. पण उंबऱ्याच्या आत ती कधी गेली नव्हती. कोळणीला आत कोण बोलावतं?

आता ती आत होती. खोली केवढी, तर चार माणसं झोपली की पाचव्याने उभं राहावं एवढी. एक लोखंडी कॉट, कोपऱ्यात मोरी, भिंतीला फळी. कॉटवर सहा वर्षांची शैला धाकट्या रामदासला पोटाशी धरून बसली होती. तिचा बाप कोंडीराम गिरणीत विणकर होता, पहिल्या पाळीला गेलेला.

पाळी सुटायची वेळ झाली आणि टळली. कोंडीराम आला नाही. संध्याकाळी पोलिसांची गाडी कर्णा लावून फिरली. कर्फ्यू पुकारला होता, रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. लालबागहून शिवडी म्हणजे तोंडातला विडा रंगेपर्यंत पोहोचावं एवढं अंतर. ते आता रत्नागिरीएवढं लांब झालं.

"त्याला गिरणीतच अडकवून ठेवला असंल," गुणवंती म्हणाली. "दार बंद करून बसली असतील सगली."

"व्हय," मीराबाई म्हणाली. पण जिन्यावर पाऊल वाजलं की तिची मान दाराकडे वळत होती.

पाटीतली मासळी गुणवंतीने मजल्यावरच्या घराघरांत वाटून टाकली. ठेवून काय करणार? उरलेली चार मांदेली त्या दोघींनी आणि पोरांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, दुकानं बंद, दूधवालाही फिरकला नाही. तेव्हा मीराबाई कॉटखाली वाकली आणि तिने गोणपाट बाजूला सारलं.

खाली बटाटे होते. विटांवर फळ्या मांडून त्यांच्यावर एकेरी पसरलेले, एकावर एक नाही. मातीसुद्धा धुतलेली नव्हती.

"एवढे बटाटे?" गुणवंतीने विचारलं. "दुकान घालतेस काय गो?"

"माझं म्हायेर घाटावरच्या खेडकडचं. भाऊ पिकवतो. दिवाळी झाली की पोतं धाडतो गावच्या मानसाबरुबर." मीराबाईच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा थोडा उजेड आला. "हवा लागाय पायजे, पर ऊन न्हाई. पोत्यात कोंबून ठिवलं की घाम सुटतो आन् कुजत्यात. धुऊन ठिवलं तरी तेच. कांदा तर जवळ नकोच. त्यो बगा तिकडं टांगलाय. दोगं शेजारी आलं की दोगंबी नासत्यात."

"सासूसुनेसारखे," गुणवंती म्हणाली, आणि मीराबाईला हसू फुटलं.

गुणवंतीच्या घरी बटाटा कधी आलाच तर आजारी माणसासाठी. ज्या घरात दर्या येतो त्या घरात बटाट्याला कोण विचारतं? पण मीराबाई बटाटे निवडायला बसली तेव्हा ती टक लावून पाहत राहिली. आपण जसा माशाचा कल्ला उचलून पाहतो तशी ही बाई एकेक बटाटा हातात फिरवून, दाबून, दाराच्या फटीतल्या उजेडात धरून पाहत होती. काही परातीत जात होते. काही मात्र ती न बोलता मोरीजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होती. ते का, हे तिने सांगितलं नाही आणि गुणवंतीनेही विचारलं नाही. पाहुणी जास्त दिवस राहिली की घरची बाई जिन्नस मागे ठेवते, हे तिला ठाऊक होतं. तिला राग आला नाही. फक्त त्या जेवणात तिने दोन फोडी कमी घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कर्णा पुन्हा ओरडत गेला. दोन तास कर्फ्यू उठला होता. चाळ अंगावर पाणी ओतल्यासारखी जागी झाली. बायका पिशव्या घेऊन पळत सुटल्या. गुणवंतीने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली. दारात येऊन पाहते तर मीराबाई पदर खोचून उभी, हातात कोंडीरामचा धुतलेला सदरा.

"मावशी, खालचा एक मानूस म्हनतोय, गोळी लागलेल्यांना परळच्या इस्पितळात नेलंय. मी बगून येते." तिचा आवाज कोरडा होता. "पोरं आनंदीबाईकडं ठिवते."

आनंदीबाई शेजारच्या खोलीतली म्हातारी. मालवणकडची, दिसायला कमी झालेली, भिंतीला धरून चालणारी. तिच्यावर दोन पोरं सोडून ही बाई इस्पितळात माणसं उलटीपालटी करून पाहणार होती. गुणवंतीच्या डोळ्यांपुढे शिवडीचं घर आलं. धर्मा आणि शांती काय म्हणत असतील? आई जिवंत आहे हे तरी त्यांना ठाऊक असेल का? दोन तासांत ती सहज पोहोचली असती.

तिने पाटी खाली ठेवली.

"जा तू. पोरांजवल मी हाय."

"आन् तुमी घरला कवा जानार?"

"घर कुठं पलून जातंय? जा म्हनते ना!"

जिना उतरणाऱ्या एका हमालाला तिने हाक मारून शिवडीचा निरोप दिला. मीराबाई जाता जाता म्हणाली, "दुपारला बटाटं उकडून घाला पोरांना." आणि गेली.

दोन तास सरले. कर्फ्यू पुन्हा लागला. मीराबाई आली नाही.

दुपारी गुणवंती कॉटखाली वाकली. चाळीतल्या घराघरांनी मागून नेले होते, त्यामुळे फळ्यांवर थोडेच बटाटे उरले होते. चांगले, टणक. ती विचार करू लागली. मीराबाई येईल ती नवऱ्याला घेऊन येईल, दोघं उपाशी असतील, त्यांच्यासाठी हे राहूदेत. मग तिला तो डबा आठवला. झाकण काढलं. आतले बटाटे कुठे कुठे हिरवट पडले होते, काहींना कोंब आले होते. तिला वाटलं, हे आज उद्या नासणारच. जो माल थांबणार नाही तो आधी संपवायचा, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. सगळं आयुष्य तिने त्यावर काढलं होतं. तिने कोंब मोडून टाकले, बटाटे धुतले आणि सालीसकट चिरले. सालीत चव असते, माशाची साल कोणी काढतं का? लाल तिखट, चिंच, लसणाच्या पाकळ्या घालून तिने झणझणीत आंबट कालवण केलं.

एक घास खाऊन शैला म्हणाली, "आजी, कडू लागतंय."

गुणवंतीने चाखलं. लागत होतं खरं. तिने आणखी चिंच घातली. "खा गो माझी बाय. अन्नाला नाव ठेवू नये. तुझी आय येईल ती इचारेल, पोरीनं खाल्लं काय?"

रामदासने तोंडातला घास थुंकला आणि रडून नुसता भात खाल्ला. शैला आज्ञाधारक पोर. तिने ताटली पुसून खाल्ली. पातेल्यातलं गुणवंतीने स्वतः खाल्लं, तळाशी दोन-चार फोडी राहिल्या.

दिवस कलला तसं शैलाने पोट धरलं. आधी तिला मळमळलं, मग भडभडून ओकली, मग पुन्हा. जुलाब सुरू झाले. पोरीचे ओठ पांढरे पडले. गुणवंतीच्याही घशात जळत होतं, पोटात पीळ पडत होते, पण आपलं दुखणं पाहायला तिला सवड नव्हती. पोरीला मोरीशी धरून ती भिंतीवर थापा मारू लागली.

"आनंदीबाय! ओ आनंदीबाय! धावा!"

आनंदीबाई गॅलरीतून भिंतीला धरून, वाकून आली. तिने शैलाच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, आणि शेवटी पातेल्याचा वास घेतला.

"काय घातलंस गो हिका खावक?"

"बटाटे."

आनंदीबाईने पातेल्यात बोट घालून एक फोड काढली, डोळ्यांजवळ नेली. "हिरवे! आणि सालीसकट! अगो बाय, बटाटो उजेडात रवलो की हिरवो जाता. विष धरता तो. कोंबातव विष, सालीतव विष."

"पन मी चांगले शिजवले. मिरची घातली, चिंच घातली…"

"शिजवून जाणा नाय ता. तू मिरची घाल नायतर सोन्याचो मुलामो दी."

गुणवंतीची नजर मोरीजवळच्या डब्याकडे गेली. मीराबाईने ते बटाटे कोणासाठी मागे ठेवले नव्हते. टाकायला ठेवले होते, कर्फ्यूत खाली जाऊन कचरा टाकता येत नाही म्हणून. आणि आपण तिच्यावर मनातल्या मनात रुसलो होतो.

"आता काय करू? डॉक्टर कसा आणू?"

"डाक्टर खंयचो येतलो आता? पाणी उकळ. साखर नि मिठाची कणी घाल. थंड कर नि चमच्या चमच्यान दी. एकदम दिलंस तर परत ओकतला. रडा नको. तू रडलंस तर पोर भियाता."

गुणवंती रडली नाही. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा चमचा पाणी पाजत राहिली. ओकली की पुसायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चमचा. मधेच तिला स्वतःला मोरीकडे जावं लागलं तेव्हा आनंदीबाई चमचा धरी. गुणवंतीने नवरा गमावला होता, एक पोर पाळण्यात गमावलं होतं, पण ती दर्याची आणि देवाची करणी होती. हे तिच्या हातचं होतं. एकवीरेला तिने नवस केला नाही. देवीला काय सांगायचं, मी शिजवून घातलं म्हणून?

उजाडता उजाडता शैलाने डोळे उघडले.

"आजी, पानी. चमच्यानं नको, भांड्यानं."

गुणवंतीने तिला भांड्याने पाणी दिलं. ते पोटात राहिलं. आनंदीबाई भिंतीला टेकून तिथेच घोरत होती. तिच्या अंगावर गुणवंतीने आपला पदर टाकला.

सकाळी कर्फ्यू सुटला तेव्हा मीराबाई आली, आणि तिच्या मागे कोंडीराम. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, चेहरा राखेसारखा. गिरणीतून मोर्चाबरोबर बाहेर पडला तेव्हा गोळी मनगटाजवळून आरपार गेली होती. त्याला घेऊन यायला कर्फ्यू आडवा आला, म्हणून मीराबाईने ती रात्र इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली होती. रामदास बापाच्या पायांना चिकटला.

मीराबाईने खोलीवर नजर फिरवली. पोरीचा उतरलेला चेहरा, ओली फडकी, मोरीतली बादली. ती काही विचारायच्या आधीच गुणवंती उभी राहिली.

"मीराबाय, तुझ्या पोरीला मी आजारी पारलं. डब्यातले बटाटे मी तिला घातले. मना ठावं नव्हतं. पन घातले मीच."

मीराबाई कॉटवर बसली. शैलाच्या गळ्याला, पोटाला हात लावून पाहिला.

"इचारायचं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय. इचारायचं होतं."

"आनंदीबाईला तरी."

"व्हय."

मग मीराबाईचे खांदे हलू लागले. तीन दिवस तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते आता सगळं एकदम बाहेर आलं. गुणवंती तिच्याजवळ जाऊ धजेना. कोंडीराम डाव्या हाताने रामदासच्या केसांतून बोटं फिरवत राहिला.

"मी तरी कुठं सांगितलं?" मीराबाई शेवटी नाक पुसत म्हणाली. "आमच्याकडं रांगत्या पोरालाबी ठावं असतंय, हिरवा बटाटा तोंडात घालू नये. मला वाटलं, सगळ्या जगाला ठावं. इषाचा डबा घरात ठिवला आन् सांगितलं न्हाई, चूक माझीबी हाय." तिने मान वर करून गुणवंतीकडे पाहिलं. "तुमचा चेहरा कसा झालाय बगा. तुमीबी खाल्लंत न्हव?"

"उरलं होतं," गुणवंती म्हणाली.

मीराबाई उठली, तोंड धुतलं आणि कॉटखाली वाकली. "या हितं. बसा माज्याजवळ."

तिने एक बटाटा गुणवंतीच्या हातात दिला. "हा बगा, टणक. डाग न्हाई. हा खायचा." दुसरा दिला. "ह्यो एका अंगाला जरासा हिरवा. साल जाड काढायची, हिरवं गेलं आन् आत पांढरा निघाला तर खायचा. पोरांना तोबी न्हाई. आन् सारा हिरवा असला, न्हाईतर मऊ पडून सुरकुतला, कडू लागला, तर सरळ फेकायचा. जीव मोठा का बटाटा?"

गुणवंतीने बटाटे धुतले, माती निघेपर्यंत चोळले. मीराबाईने सुरीच्या टोकाने डोळे खोल काढायला दाखवलं. चिरलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात टाकल्या. मग उकडून, मीठ-जिऱ्याची फोडणी. "जेवढं लागंल तेवढंच करायचं. उकडलेला बटाटा दिवसभर झाकून ठिवला तर त्योबी बाधतो."

"म्हंजे तुमचा बटाटा पन मासाच," गुणवंती म्हणाली, "फक्त पलत नाय."

कोंडीराम हसला. घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मीराबाईने त्याला घास भरवला तेव्हा गुणवंती खिडकीबाहेर पाहत राहिली.

निघताना मीराबाईने तिच्या पाटीत पाच-सहा बटाटे टाकले. गुणवंतीने नको नको म्हटलं, पण ऐकतो कोण! शिवडीला पोहोचली तेव्हा धर्मा वाटेवरच उभा होता. आईला पाहून त्याने आधी शिव्या दिल्या आणि मग तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. घरात जिकडेतिकडे ओल आणि वाळत घातलेले बोंबील. बटाटे ठेवायचे कुठे? गुणवंतीने फाटक्या जाळ्याचा एक तुकडा घेतला, त्यात बटाटे घालून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाशाला टांगले.

"आता बटाट्यालाही जालं?" सून शांतीने विचारलं.

"त्याला हवा पायजे, उजेर नको," गुणवंतीने जाणत्या माणसासारखं सांगितलं.

गिरणगाव हळूहळू चालू झालं. भोंगे वाजू लागले, सभा होऊ लागल्या, भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी अक्षरं उमटली. कोंडीरामच्या हाताचं बँडेज सुटलं, पण बोटं मिटेनात. साच्यावर, म्हणजे मागावर, धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. तीच बोटं निकामी झाली. गिरणीने त्याला घरी बसवलं. गुणवंती पाटी घेऊन गेली की तो गॅलरीत बसलेला दिसे, उजवा हात मांडीखाली घालून. कोणाशी बोलत नसे. कोळणीशी घासाघीस करायची मीराबाईनेही सोडून दिली होती. ती नुसतं "आज नको, मावशी" म्हणे.

होळीच्या सुमाराला एकदा मीराबाई म्हणाली, "भाऊ म्हनतो, गावाला या. पर यांचं मन तयार न्हाई. म्हनतात, ज्या मुंबैसाठी हात गेला ती सोडून जाऊ व्हय?"

गुणवंती उंबऱ्याशी बसली. आता ती बसत असे.

"तुझा भाऊ पोती धारील काय? एक नाय, दर आठवड्याला?"

"धाडंल की. त्याला इकाय पायजेतच. पर मी करू काय त्यांचं?"

"इकशील. माझ्या बाजूला बस."

लालबागच्या बाजाराबाहेर, भिंतीला लागून कोळणींची रांग बसे. गुणवंतीची जागा टोकाला होती, सावलीची. तिने पाटी सरकवून अर्धी जागा मोकळी केली तेव्हा शेजारची सुंदराबाई कोळीण खवळली.

"काय गो, मासलीच्या रांगेत बटाटे? गिऱ्हाईक काय म्हनेल?"

"म्हनेल, रस्सा वाढवायला बरे," गुणवंती म्हणाली. "माझी जागा हाय. मी तिथं बटाटे बसवीन नायतर हत्ती बसवीन. तुझी पाटी कोन हलवतंय?"

सुंदराबाई पुटपुटत आपल्या पाटीकडे वळली. दुसऱ्याच आठवड्यात एस.टी.च्या टपावरून पोतं आलं.

पहिल्या दिवशी मीराबाईने गोणपाट अंथरून बटाटे मांडले, आणि ऊन भिंतीवरून उतरेल तेव्हा झाकायला दुसरं गोणपाट जवळ ठेवलं. हिरवट निघाले ते तिथल्या तिथे कचऱ्यात टाकले. सगळं नीट केलं, पण ओरडता येईना. चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेणारी बाई, ती रस्त्यावर हाळी कशी देणार? गिऱ्हाइकं पुढून जात होती. शेवटी गुणवंतीने छाती भरून घेतली आणि सवयीने आपलीच, फडफडत्या मासळीची हाळी दिली.

"या गो बायांनो, बटाटे घ्या! ताजे, फरफरीत!"

साऱ्या कोळणी पोट धरून हसल्या. सुंदराबाईसुद्धा हसली. "फरफरीत बटाटे!" रस्त्यावरच्या बायका थांबल्या. हसत हसत एक पुढे आली, मग दुसरी. एका म्हातारीने एक शेर मागितले. मीराबाईचे दोन्ही हात पोत्याचं तोंड सोडण्यात गुंतले होते.

कोंडीराम मागे भिंतीला पाठ टेकून बसला होता. पोतं आणायला म्हणून आला होता, मान खाली घालून. तो उठला. उजवा हात त्याने सदऱ्याच्या आत घातला आणि डाव्या हाताने तराजू उचलला. मीराबाईने एका पारड्यात शेराचं वजन ठेवलं, दुसऱ्यात बटाटे घातले. दांडी एकदा इकडे कलली, एकदा तिकडे. म्हातारी पदराची गाठ सोडून पैसे मोजू लागली. गुणवंतीने पाटीतल्या बोंबलांवर पाणी शिंपडायला घेतलं.

दोन्ही पारडी हळूहळू स्थिर झाली. काटा मधोमध येऊन उभा राहिला. कोंडीरामने तो तसाच क्षणभर धरून ठेवला, आणि मग म्हातारीला म्हणाला, "पिशवी धरा, आजी."